कोरड्यावरच्या बाईसाहेब

भिंगरी हे नाव तिला सासऱ्यांनी दिलं, लग्न होऊन आली त्याच आठवड्यात. म्हणाले, सूनबाई घरात आहे की नाही ते कळत नाही, नुसता वारा लागतो. नाव इतकं चिकटलं की खऱ्या नावाने कुणी हाक मारली तर ती मागे वळून बघायची, कोण आलंय म्हणून. लग्नाआधी ती कपड्यांच्या कारखान्यात काजं-बटणं करायला लागली होती. बसून करायचं काम. महिनाही झाला नाही तोच मालकीणबाईंनी हात जोडले. म्हणाल्या, बाई, तुझ्या पायांनी टेबल हलतं आणि शेजारणींच्या सुया मोडतात.

सासरी मागच्या दारी गोठा होता. तो बघितला आणि तिचं बस्तान बसलं. गाय म्हणजे न संपणारं काम. शेण उचला, पाणी दाखवा, गव्हाण झाडा, गोमाश्या हाकला, तोवर परत शेण. गोठ्यात एकच गाय, काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांची आणि भारी मानी. पाणी शिळं असेल तर बादलीवर नुसतं फुंकरायची आणि तोंड फिरवायची. घरात तिला बाईसाहेब म्हणत.

बाईसाहेब गाभण होत्या, दिवस भरत आले होते, आणि भिंगरीच्या जिवाला चैन नव्हतं. मागच्या वेताला वासरू जन्मलं ते नुसतं कातडं नि हाडं. उभं राहायला धडपडलं, आईच्या कासेपर्यंत पोचलंच नाही, आणि अंधार पडायच्या आत गेलं. का गेलं ते घरात सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणूनच कुणी बोलत नव्हतं. गाय आटली तशी तिचा खुराक बंद केला होता. दूध देत नाही तर पेंड कशाला, भुसा पुरे. पोटातलं वासरू शेवटच्या त्या महिन्यांतच भराभर वाढतं आणि सगळं आईच्या अंगातून ओढून घेतं, हे नंतर कळलं. खुराक बंद करायचं सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं, आणि भिंगरीनेही मान हलवली होती.

तेव्हाच नवऱ्याने सांगून टाकलं होतं, पुढचंही वासरू गेलं तर गाय विकायची. तो पंपवाला. विहिरीवरचे, शेतावरचे पंप दुरुस्त करायचा, आणि सुटे भाग घरभर पसरलेले असायचे. अंघोळीच्या दगडावर वायसर, देवळीत बेअरिंग. गोठ्याच्या जागेत त्याला वर्कशॉप काढायचं होतं. तो रागाने बोलला नव्हता, ते वासरू उचलून नेताना त्याचाच चेहरा सगळ्यांत उतरलेला होता. पण गोठा गेल्यावर ही दिवसभर कुठे फिरणार, हे त्याने विचारलं नाही आणि तिला सांगता आलं नाही. या वेळचं वासरू जगलं तरच गोठा राहणार, एवढं तिने मनाशी धरलं.

त्यामुळे या खेपेला बाईसाहेब आपणहून आटल्या तसा तिने नवऱ्यामागे धोशा लावला, डॉक्टरीणबाईंना विचारा. डॉक्टरीणबाई नव्याने आलेल्या, स्कूटरवरून गोठे पालथे घालणाऱ्या. त्यांचा फोन अर्धा वाऱ्यात आणि अर्धा हॉर्नमध्ये. त्यात नवऱ्याचा डावा कान इंजिनांनी कामातून गेलेला, आणि उजव्या हातात कायम पाना असल्यामुळे फोन नेमका डाव्या कानाला.

"काय म्हणाल्या?" भिंगरीने विचारलं.

"म्हणाल्या, व्यायच्या वेळेपर्यंत कोरडी ठेवा."

"कोरडी म्हणजे?"

"कोरडी म्हणजे कोरडी. कोरड्यावर ठेवा."

"आणि?"

"आणि खाण्याचंही काहीतरी म्हणत होत्या, मी येऊन सांगते की काय. मग मधे ट्रक आला."

घरात खल झाला. दूध देणं बंद झालेल्या गाईला या घरात आटलेली म्हणत, फार झालं तर भाकड. कोरडा हा शब्द चाऱ्याचा. ओला चारा आणि कोरडा चारा. गाय तर आटलेलीच होती, मग आटवा असं डॉक्टरीणबाई कशाला सांगतील? सासऱ्यांनी, म्हणजे मामंजींनी, निकाल दिला: हिरवं बंद, खुराक बंद, वाळलेलं गवत आणि पाणी. भिंगरी म्हणाली, मागच्या वेळी हेच तर केलं. मामंजी म्हणाले, मागच्या वेळी आपल्या डोक्याने केलं, आता शिकलेल्या माणसाच्या डोक्याने करू. नणंदेनेही त्यांचीच री ओढली. ती औषधांच्या दुकानात काम करायची, त्यामुळे घरात डॉक्टरांची बाजू तिच्याकडे असायची.

पहिल्या दिवशी बाईसाहेबांनी गव्हाणीतलं वाळलेलं गवत नाकाने एका बाजूला सारलं, खाली काही आहे का पाहिलं, आणि मान वळवून भिंगरीकडे बघितलं. ओरडली असती तर सोसलं असतं, पण ती नुसती बघत राहिली. भिंगरी घरात आली, भांडी घासली, घासलेली परत घासली. चौथ्या दिवशी तिने मक्याचा भरडा भिजवला, धुण्याच्या बादलीत ठेवला, वर ओला टॉवेल टाकला आणि गोठ्यामागच्या दोरीकडे निघाली. डॉक्टरचं मोडतोय याची धाकधूक होतीच. पण एका ओंजळीने काय होणार, असं म्हणत तिने ती ओंजळ गाईच्या तोंडापुढे धरली. बाईसाहेबांनी ती अशी चाटून घेतली की तिच्या तळव्याच्या रेषा पुसल्या जातील असं वाटलं.

मग ते रोजचंच झालं. रोज बादली, रोज टॉवेल, आणि रोज मनात तेच: एका ओंजळीने काय होणार.

पण व्हायला लागलं. बाईसाहेब भरू लागल्या. आधी कातडीवर चकाकी आली, मामंजी म्हणाले, बघा, कोरडं मानवतंय. मग बरगड्या दिसेनाशा झाल्या. मग शेपटीच्या मुळाशी दोन्ही बाजूंनी उशा ठेवल्यासारखं मांस आलं. मामंजी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगू लागले की आमच्या डॉक्टरीणबाईंच्या हाताला गुण आहे, नुसत्या वाळक्या गवतावर गाईचा हत्ती केला. ते सांगत तेव्हा भिंगरी तिथून उठून जाई. तिला तिची ओंजळ टोचत होती.

तिने ओंजळीची मूठ केली. गाय भरतच राहिली. मुठीची चिमूट केली. गाय तरी भरतच राहिली. शेवटी तिने भरडा बंदच केला आणि जीव मुठीत धरून बघत राहिली. गाय आणखी रुंद झाली.

आता मात्र तिची पाचावर धारण बसली. न खाता जाड होणारी गाय म्हणजे अंगात पाणी तर झालं नाही? पोटात दोन वासरं तर नाहीत? ती भाजी चिरता चिरता गोठ्यात जायची, गाईच्या कुशीला कान लावायची, परत यायची, आणि भाजी तिला सापडायची नाही. डॉक्टरीणबाईंना बोलवावं, तर बादली-टॉवेलाची भानगड सांगावी लागणार. न बोलवावं, तर वासरू.

नवऱ्याला म्हणाली, "मॅडमना बोलवू या?"

"कशाला? चांगली तर आहे गाय." तो पंपातलं काहीतरी फिरवत होता, आणि ते गरजेपेक्षा जास्त फिरवत होता.

"नको तितकी चांगली आहे."

"मग तुझ्या दृष्टीने बारीक असली तरी पंचाईत आणि जाड असली तरी पंचाईत."

दोन दिवस तिने तसेच काढले. तिसऱ्या दिवशी स्वतःच फोन लावला, चांगल्या कानाला.

डॉक्टरीणबाई दुपारी आल्या. मामंजी गिरणीवरून आले होते. म्हातारपणी ते तिथे दळण उतरवून द्यायला बसत. नणंद जेवायच्या सुट्टीत आलेली. डॉक्टरीणबाईंनी गाईभोवती एक फेरी मारली, मग आणखी एक, सावकाश. बरगडीवर बोटं दाबली. शेपटीच्या मुळाशी दाबली.

"बरगडी लागतच नाही हाताला," त्या म्हणाल्या. "काय देता हिला?"

"तुम्ही सांगितलंत तेच," मामंजी छाती काढून म्हणाले. "कोरडा चारा. हिरव्याची काडी नाही, खुराकाचा दाणा नाही."

"मी सांगितलं? मी म्हटलं होतं कोरडी ठेवा. दूध काढायला जाऊ नका, कासेला विश्रांती द्या. आम्ही त्याला कोरडा काळ म्हणतो. खाण्याचं तर मी येऊन सांगणार होते, ते राहूनच गेलं." त्या थांबल्या. "आता आटवा म्हणत जाईन. पण नुसत्या कोरड्या चाऱ्यावर गाय वाळायला हवी होती. ही तर फुगलीये. घरात कुणीतरी हिला घालतंय."

भिंगरीचे पाय जागच्या जागी चालू झाले.

"मॅडम, मी भरडा घालत होते," ती म्हणाली. "थोडा. आता बंद केलाय."

नणंद गर्रकन वळली. "वहिनी, म्हणजे तूपण?"

आणि त्या 'पण'मध्ये ती स्वतःच अडकली. तिच्याकडून मग हळूहळू बाहेर आलं. दुकानात कॅल्शियमच्या बाटल्या येतात, पोटुशा बायका नेतात, तर ही पण पोटुशीच, असं वाटून ती रोज पाण्याच्या बादलीत एकेक ओतत होती. मामंजींनी हे ऐकून कपाळाला हात लावला, आणि तो हात तिथेच राहिला, कारण डॉक्टरीणबाई त्यांच्या खिशाकडे बघत होत्या. खिसा कोंड्याने पांढरा झालेला.

"गिरणीत सांडतो तो," मामंजी म्हणाले. "वाया जातो म्हणून."

"किती सांडतो?"

"पिशवीभर," मामंजी खाली बघून म्हणाले.

एवढ्यात नवरा आला. हातात हत्यारांची पेटी, शर्टाला ग्रीस. बाईसाहेबांनी त्याला लांबूनच पाहिलं. सगळं अंग वळवलं, दावं ताणलं, आणि तो जवळ येताच थेट पेटीला तोंड लावलं. चाटायलाच लागली. झाकण नाकाने उचकटायला बघू लागली, रोजच्या सवयीने.

"काय आहे पेटीत?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"पाने आहेत."

"गाय पाने खात नाही."

त्याने पेटी उघडली. पान्यांखाली पोतं, पोत्यात शेंगदाण्याची पेंड. तेलाच्या घाण्यावरचा पंप त्यानेच दुरुस्त केला होता आणि तिथून येताना रोज थोडी आणत होता. भिंगरी त्याच्याकडे बघत राहिली. गाय गेली तर वर्कशॉप काढणारा माणूस, आणि तो पान्यांखाली पेंड लपवून आणत होता.

"तुम्हाला तर जागा हवी होती," ती म्हणाली.

"जागा हवी होती. वासरू मरायला नको होतं." त्याने पेटीचं झाकण लावलं. "मागचं मी पुरलंय, माझ्या हातांनी."

आता सगळ्यांना हसू येईल असं वाटलं होतं, पण डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. त्यांनी उंबऱ्यावर बसून नीट समजावलं. चौघांनी चार बाजूंनी घातलंय, त्यामुळे गाय जाड झालीय आणि वासरूही मोठं असणार, ते अडू शकतं. त्याहून वाईट म्हणजे कॅल्शियम. दूध उतरतं तेव्हा गाईला एकदम भरपूर कॅल्शियम लागतं, ते तिने आपल्या हाडांतून काढायचं असतं. आधीच आयतं मिळत राहिलं की अंग आळशी होतं, ऐन वेळी काढता येत नाही, आणि व्यायलेली गाय बसते ती उठत नाही. नणंद तोंडावर हात ठेवून ऐकत होती. भिंगरीने लगेच विचारलं, मग उद्यापासून उपाशी ठेवू का. डॉक्टरीणबाई जवळजवळ ओरडल्याच. अजिबात नाही. एकदम तोडलं तर अंगातली चरबी यकृतावर चढते. चांगलं गवत पोटभर, खुराक अगदी बेताचा, मोजून, रोज एकाच वेळी. बाटल्या आजपासून बंद. आणि घालणारा हात एकच.

"कुणाचा?" मामंजींनी विचारलं.

सगळे भिंगरीकडे बघू लागले. तिने स्वतःच्या हातांकडे बघितलं.

"माझा नको," ती म्हणाली. "माझा हात थांबत नाही. यांना द्या. ते काटा बघून काम करतात."

बोलून गेली, आणि मग तिला कळलं की तिने काय देऊन टाकलं. नवरा रोज ठरल्या वेळी पातेलं भरायचा, काठ बोटाने सपाट करायचा आणि गव्हाणीत ओतायचा. ती दारात उभी राहून बघायची, आणि तिचे हात एकमेकांना चोळत राहायचे. डॉक्टरीणबाईंनी जाताना एक गोष्ट मात्र तिच्या पदरात टाकली होती: जाड गाईला चालवा, सकाळ-संध्याकाळ. म्हणून ती बाईसाहेबांना घेऊन निघायची. सायकलच्या दुकानापुढून, लाँड्रीच्या वाफेतून, बंद गोदामाच्या भिंतीच्या कडेने. लाँड्रीवाला विचारायचा, काकू, कोण कुणाला फिरवतंय? ती म्हणायची, विचार तिलाच. फिरताना तिच्या डोक्यातही चाक फिरत राहायचं. आज कास भरली का. आज पाय जड टाकतेय का. बाटल्या किती गेल्या होत्या कोण जाणे. चौकात गाय थांबली की हिचा श्वास थांबायचा, आणि गाय नुसती शेपटी हलवून पुढे निघायची.

वेणा सकाळी उन्हं चढताना सुरू झाल्या. वासरू मोठं होतंच, अडलंच. डॉक्टरीणबाईंनी कोपरापर्यंत हात घातला, पुढच्या पायांना दोरी बांधली, आणि नवऱ्याला सांगितलं, मी म्हणेन तेव्हाच ओढा, गाय कळ देईल तेव्हाच. त्याने घाई केली नाही. कालवड बाहेर आली ती भिजलेल्या गोणपाटासारखी, मग शिंकली. मामंजी रडले आणि म्हणाले, डोळ्यात कोंडा गेला.

पण भिंगरी हसली नाही. तिला उद्याची भीती होती, आणि उद्या तसाच आला. सकाळी बाईसाहेब उभ्या होत्या त्या डुलत होत्या. मागचे पाय लटपटले, त्या बसल्या, आणि मान वळवून स्वतःच्या कुशीवर ठेवली. भिंगरीने कान धरले. थंडगार. नाक कोरडं ठाक. पलीकडे कालवड ओरडत होती आणि आई तिच्याकडे बघतही नव्हती.

डॉक्टरीणबाई आल्या, मानेच्या शिरेत सुई घातली आणि नवऱ्याच्या हातात बाटली उंच धरायला दिली. हळू जायला हवं, म्हणाल्या, घाईने दिलं तर हृदय बंद पडतं. एका हाताने छातीवर नळी धरून त्या ठोके ऐकत होत्या. मग भिंगरीला म्हणाल्या, "तुम्ही तिच्या खांद्याला पाठ लावून बसा. ती कुशीवर आडवी व्हायला नको. आणि हलू नका."

ती बसली. गाईचं सगळं वजन तिच्या पाठीवर आलं. पायाला मुंग्या आल्या. गोमाशी मनगटावर बसली, तिने बसू दिली. कालवड मागे हंबरत होती, तिला कुणी चीक पाजला का, हे विचारायला तिचं तोंड उघडलं आणि मिटलं. बाटलीतला थेंब खाली यायचा, मग पुढचा यायला युग लागायचं.

"अगं," नवरा वरून हळूच म्हणाला, "मी काय म्हणतो, वर्कशॉपचं..."

"बाटली सरळ धरा."

"धरलीये. मी म्हणतो, पंप काय, अंगणातही होतात."

तिच्या पाठीमागे काहीतरी बदललं होतं. गाईच्या अंगातून एक थरथर निघाली आणि तिच्या कण्यातून पार डोक्यापर्यंत गेली. मग दुसरी. मग बाईसाहेबांनी असा ढेकर दिला की मामंजी मागे सरले. डॉक्टरीणबाईंनी कानातल्या नळ्या काढल्या आणि म्हणाल्या, आता सरका, पण सावकाश. भिंगरी सरकायला गेली तर पाय तिचेच राहिले नव्हते. नवऱ्याने बाटली नणंदेकडे दिली आणि तिला काखेत हात घालून बाजूला ओढलं. गाईने मागचे पाय सावरले, एकदा चुकली, दुसऱ्यांदा उठली, उभी राहिली, आणि उभ्याउभ्याच शेणाचा मोठा पो टाकला. चौघांनी तो असा बघितला, जणू मिठाई आली असावी.

डॉक्टरीणबाईंनी बजावलं, आज कास रिकामी करायची नाही, वासराला लागेल तेवढंच काढा. परत बसली तर लगेच फोन. आणि चांगलं गवत, ताजं पाणी, बाकी काही नाही, कुणाच्याही हातून नाही. मामंजींनी खिसे उलटे करून दाखवले.

त्या गेल्या. नवरा कालवडीला कासेशी लावत होता. भिंगरीने जाऊन गाईचे कान धरले. ऊब आली होती. ती घरात गेली, पाणी प्यायली, पेला तसाच हातात घेऊन परत आली आणि कान धरले.

"आत्ताच बघितलेस की," नवरा म्हणाला.

"तेव्हाचे तेव्हा बघितले," ती म्हणाली, आणि दुसरा कान बघायला पलीकडे गेली.